आईची साखर उपवासात 34 वर आली, डायबिटीस नाही. इन्सुलिनोमाचा कोणाला अनुभव आहे का?

अमळनेरची_लेक

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली, नोकरीला जळगावात. आईचं वय 52, तिला शुगर नाही बीपी नाही, कसलीच गोळी चालू नव्हती. दिवाळीनंतर सुरू झालं. पहाटे उठली की घामाने चिंब, हातपाय थरथर, डोळ्यापुढे अंधारी, आणि काही खाल्लं की बरी. आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. मग एकदा वहिनीने पाहिलं, आई परातीपुढे बसलेली, भाकरीच्या पिठात दोन्ही हातांची बोटं रुतवलेली पण मळतच नव्हती, नुसती समोर बघत होती. हाक मारली तर वहिनीलाच विचारते "तू कोन शेस?" सोळा वर्षं एका घरात राहतात दोघी.

डॉक्टरांनी फिट म्हणून गोळ्या चालू केल्या, डोक्याचा एमआरआय नॉर्मल, ईईजी नॉर्मल, तरी गोळ्या चालूच. गावात अर्थात बाहेरचं आहे वगैरे झालं, लिंबू उतरवून झाले. या वैशाखात रथाच्या एकादशीला तिने कडक उपवास धरला आणि दुपारी ओट्यावरच कोसळली. वडिलांना शुगर आहे म्हणून घरात मशीन होतं, भावाला काय सुचलं देव जाणे त्याने तिच्या बोटाला टोचलं तर 34! शुद्ध होती थोडी, चमच्या चमच्याने साखरेचं पाणी पाजलं, दहा मिनिटांत उठून बसली आणि मधलं काहीच आठवत नव्हतं.

आता एका फिजिशियनने इन्सुलिनोमा असू शकतो म्हणून सांगितलंय, म्हणजे स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी गाठ. सीटी स्कॅन केला, त्यात काहीच दिसलं नाही. ते म्हणतात मुंबईला अ‍ॅडमिट होऊन 72 तास उपाशी ठेवून टेस्ट करावी लागेल. जिची साखर एका एकादशीत 34 होते तिला तीन दिवस उपाशी ठेवायचं? आणि सीटीत गाठच नाही तर कशाला? कॅन्सर असतो का हा? वजन पण वर्षात 9 किलो वाढलंय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, रात्री झोप नाही, दर दोन तासांनी उठून तिला हात लावून बघतेय.

---

तापीकाठ_शहादा

ताई, मी यातून गेलोय. 2021 ला ऑपरेशन झालं, आज ठणठणीत आहे, शेतात जातो. तुम्ही लिहिलेलं पिठाचं वाचून अंगावर काटा आला, कारण मी असाच मोटरसायकलची किक धरून रस्त्यात उभा सापडलो होतो. मला पण दीड वर्ष फिटच्या गोळ्या दिल्या. त्या वेळचं मला आजही काही आठवत नाही, बायको सांगते तेवढंच.

मला जे समजलं ते सांगतो. आपल्या विहिरीवरची मोटर टाकी भरली की बंद व्हायला पाहिजे ना, तसं स्वादुपिंडातल्या बीटा पेशी साखर खाली यायला लागली की इन्सुलिन सोडायचं थांबवतात. या गाठीतल्या पेशी थांबत नाहीत. टाकी भरो न भरो मोटर चालूच. म्हणून जेवून झाल्यावर त्रास कमी आणि पहाटे, उपवासाला, किंवा शेतात राबल्यावर त्रास जास्त. आणि त्यात अजून एक वाईट गोष्ट अशी की साधा माणूस उपाशी राहिला तर शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावर थोडा तग धरतो, पण इन्सुलिन जास्त असलं की कीटोन बनूच देत नाही, म्हणजे मेंदूला साखर पण नाही आणि कीटोन पण नाही. म्हणून तुमची आई घरातल्या माणसाला ओळखत नव्हती. ती वेडी नाही, तिला काही लागलेलं नाही, तिचा मेंदू त्या वेळी उपाशी होता. हे वहिनीला आणि गावातल्या बायाबापड्यांना नक्की सांगा, कारण माझ्या घरात या एका गोष्टीने खूप मनं दुखावली गेली.

वजन वाढणं यातलंच आहे. त्रास होऊ नये म्हणून माणूस नकळत खात राहतो, मी रात्री उठून चार चार केळी खायचो.

सीटीत दिसलं नाही म्हणून खचू नका आणि नाही म्हणून सोडूही नका. या गाठी बहुतेक 2 सेंटीमीटरपेक्षा लहान असतात, माझी 1.4 होती, हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी. सीटीत मलाही काही नव्हतं. एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये दिसली, म्हणजे तोंडातून नळी पोटात नेऊन आतून सोनोग्राफी करतात, स्वादुपिंड अगदी जवळून दिसतं. पण ते नंतरचं. आधी रक्तात सिद्ध झालं पाहिजे की इन्सुलिनच जास्त आहे, मग गाठ शोधायची. माझ्या बाबतीत उलटं केलं, आधी स्कॅनवर स्कॅन, आणि पैसे आणि सहा महिने दोन्ही गेले.

उपाशी टेस्टचं भय मलाही होतं. पण ती घरी होत नाही ताई, घरी चुकूनही करू नका. वॉर्डात सुई लावलेली असते, ठराविक वेळाने साखर बघतात, नर्स सारखी येऊन विचारते, नाव सांगा, वार कोणता, शंभरातून सात वजा करा. नाव 72 तासांचं असलं तरी बहुतेकांची साखर पहिल्या 48 तासांतच उतरते, माझी 19 व्या तासाला 41 झाली आणि मी वजाबाकी चुकायला लागलो. लगेच रक्त घेतलं, मग ग्लुकागॉनचं इंजेक्शन देऊन दहा दहा मिनिटांनी साखर किती चढते ते पाहिलं, आणि मग जेवायला दिलं. वॉर्डातली ती वरण-पोळी मी जन्मात विसरणार नाही.

---

लॅबवाला_चाळीसगाव

तापीकाठ भाऊंनी छान लिहिलंय, मी 22 वर्षं लॅबमध्ये काम करतो म्हणून फक्त रक्ताबद्दल.

यात सगळा खेळ वेळेचा आहे. साखर खाली असताना घेतलेलं रक्त म्हणजे पुरावा, साखर पाजून बरं वाटल्यावर घेतलेलं रक्त फुकट. त्याच नमुन्यात लॅबची साखर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, प्रोइन्सुलिन आणि बीटा हायड्रॉक्सीब्युटायरेट म्हणजे कीटोन बघतात. साखर 55 च्या खाली असताना इन्सुलिन 3 किंवा वर आणि सी-पेप्टाइड 0.6 किंवा वर असेल तर शरीर स्वतःच चुकीच्या वेळी इन्सुलिन बनवतंय असा अर्थ, कारण साखर एवढी कमी असताना ते जवळजवळ शून्यावर यायला पाहिजे. रिपोर्टवर "नॉर्मल रेंज" छापलेली असते तिच्याकडे बघून कोणी नॉर्मल म्हणेल, तिथेच फसगत होते. ती रेंज नॉर्मल साखरेची आहे, 34 ची नाही.

सी-पेप्टाइड का, तर स्वादुपिंड इन्सुलिन बनवताना एक मोठा तुकडा (प्रोइन्सुलिन) कापून दोन करतं, एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, त्यामुळे फरक कळतो.

आणि ताई, एक गोष्ट राग न येता ऐका. वडिलांना शुगर आहे म्हणालात. त्यांना ग्लिमेपिराइड किंवा तसली गोळी आहे का? आईच्या फिटच्या गोळ्या आणि वडिलांच्या गोळ्या एकाच डब्यात आहेत का? या गोळ्या स्वादुपिंडाकडूनच इन्सुलिन काढून घेतात, म्हणजे इन्सुलिन पण जास्त आणि सी-पेप्टाइड पण जास्त, हुबेहूब गाठीसारखं चित्र. म्हणून त्याच रक्तात या गोळ्यांची, म्हणजे सल्फोनिलयुरियाची, तपासणी मागतात. कोणी मुद्दाम करत नाही हो, संध्याकाळी लाईट गेलेली असते, दोन्ही गोळ्या पांढऱ्या.

घरच्या मशीनचा आकडा खालच्या बाजूला फार भरवशाचा नसतो, सिद्ध करायला लॅबचाच आकडा लागतो. आणि साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीतच घ्यायला लावा. साध्या नळीत तासभर पडलं तर रक्तातल्या पेशीच साखर खातात आणि आकडा खोटाच कमी येतो. तालुक्यातून सॅम्पल मोटरसायकलवर जळगावला जातं तेव्हा हे खूपदा घडतं, मी पाहिलंय.

---

अमळनेरची_लेक

दादा, तुमचं वाचून लगेच वहिनीला फोन केला. वडिलांना ग्लिमेपिराइडवालीच गोळी आहे. पण आईला त्रास सुरू झाला तेव्हा तिला कुठलीच गोळी नव्हती, फिटच्या गोळ्या नंतर आल्या. तरी आता डबे वेगळे केले, वडिलांच्या डब्याला लाल दोरा बांधला, आणि डॉक्टरांना ती तपासणी करायला सांगणारच.

तापीकाठ भाऊ, तोपर्यंत रात्री काय करायचं? आणि कॅन्सरचं कोणीच बोललं नाही, म्हणून जास्त भीती वाटतेय.

---

धुळे_मेडिसिन

मी फिजिशियन आहे, तुमच्या आईला तपासलेलं नाही हे लक्षात ठेवून वाचा.

कॅन्सरचं आधी. इन्सुलिनोमा दहापैकी साधारण नऊ जणांत कॅन्सर नसतो आणि बहुतेकदा एकच गाठ असते. ती काढली की माणूस बरा होतो. असा आजार वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होतो, म्हणून आमच्यासारख्या डॉक्टरांना आख्ख्या आयुष्यात एखादाच पेशंट दिसतो आणि निदानाला उशीर होतो. चूक आमच्याच बाजूची आहे, घाम आणि भ्रम घेऊन आलेल्या प्रत्येक पेशंटची साखर त्याच क्षणी बघायला पाहिजे. व्हिपल नावाच्या सर्जनने 1930 च्या दशकातच तीन खुणा सांगून ठेवल्यात: उपाशीपोटी लक्षणं, तेव्हा साखर कमी, आणि साखर दिली की लक्षणं जातात. ओट्यावर तुमच्या भावाने नकळत या तिन्ही तपासल्या. त्याचं कौतुक करा.

थोड्या पेशंटमध्ये हा आजार मेन-1 नावाच्या आनुवंशिक दोषासोबत येतो, तेव्हा गाठी अनेक असू शकतात. त्यात गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडून कॅल्शियम वाढतं, म्हणून कॅल्शियम तपासतात. घरात कोणाला वारंवार मुतखडा, पॅराथायरॉइड किंवा पिट्युटरीचा आजार असेल तर डॉक्टरांना सांगा.

रात्रीचं: उपवास सगळे बंद, एकादशी, चतुर्थी काहीही नाही. झोपताना नुसती साखर किंवा गूळ नको, तो पटकन चढतो आणि पटकन उतरतो. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, दूध, शेंगदाणे असं सावकाश पचणारं द्या, आणि रात्री दोनला गजर लावून परत थोडं. कच्चं कॉर्नफ्लॉर थंड पाण्यात किंवा दुधात कालवून देतात, न शिजवता, ते हळूहळू पचतं, पण किती द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. डायझॉक्साइड नावाची गोळी इन्सुलिन सोडणं दाबते, पायावर सूज येते आणि अंगावर केस वाढतात, तरी ऑपरेशनपर्यंत बऱ्याच जणांना तिचा आधार होतो. शुद्ध असेल, गिळता येत असेल तरच तोंडाने साखर. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा आणि 108 ला फोन. आणि तिला विहिरीवर, चुलीपाशी एकटं सोडू नका.

कुठे जायचं तर असा विभाग निवडा जिथे एन्डोक्रायनॉलॉजी (हार्मोनच्या आजारांचा विभाग), एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड आणि स्वादुपिंडाचे सर्जन एकाच छताखाली आहेत. मुंबईत केईएमला एन्डोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. साध्या स्कॅनमध्ये गाठ सापडलीच नाही तर एक्सेंडिन पेट (PET) स्कॅन असतो, म्हणजे अशा गाठीला चिकटणारं किरणोत्सारी औषध टोचून काढलेला स्कॅन, तो मोजक्याच ठिकाणी होतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नको.

---

तापीकाठ_शहादा

डॉक्टरसाहेबांनी सगळं सांगितलं, मी फक्त ऑपरेशननंतरचं सांगतो कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी घाबरलो होतो. गाठ काढली त्याच संध्याकाळी माझी साखर 190 वर गेली. मी रडलो, म्हटलं आता डायबिटीस झाला. तर सर्जन म्हणाले ही चांगली खूण आहे, बाकीच्या पेशी इतके दिवस झोपल्या होत्या, जाग्या व्हायला वेळ लागतो. आठवड्यात उतरली. दुसरं म्हणजे पोटातून एक नळी काढलेली असते, तिच्यातून स्वादुपिंडाचा रस येतो. माझी 11 दिवस होती, लोक तीन-चार दिवसांत घरी जाताना बघून जीव कासावीस व्हायचा. गळती बंद झाल्याशिवाय नळी काढत नाहीत, घाई करू नका.

वॉर्डात पडल्या पडल्या मोबाईलवर वाचलं की टोरांटोत 1921 मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, आणि त्याच शहरात 1929 ला रॉस्को ग्रॅहम नावाच्या सर्जनने अशी गाठ काढून पेशंट बरा केला. तेव्हा स्कॅन नव्हते, हाताने चाचपून शोधली असणार. ते वाचून मला फार धीर आला.

---

अमळनेरची_लेक

तुम्हा तिघांचे पाय धरावेसे वाटतात. पुढच्या सोमवारी मुंबईला निघतोय, मी आणि भाऊ दोघं. फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणार नाही, तिकडे विचारूनच. आज दोनच्या गजराला उठवलं तेव्हा आई म्हणाली एकादशी मोडली गं माझी. मी म्हटलं विठोबाशी मी बोलते, तू भाकर खा. अर्धी खाल्ली तिने दुधात कुस्करून. आत्ता साखर 88 आहे.