मदत हवी आहे: दुबईचा ट्रेडर रजिस्टर्ड सोल एजन्सी मागतोय, सही करावी का?

नमस्कार मंडळी. मामांचा शिरोली एमआयडीसीत छोटा कारखाना आहे, पाण्याच्या लाइनचे व्हॉल्व्ह बनवतात. दुबईच्या देरा भागातला एक मल्याळी ट्रेडर दोनतीन वर्षं माल उचलतोय, पेमेंट वेळेवर, कटकट नाही. आता तो म्हणतो अख्ख्या यूएईसाठी मला एकट्यालाच एजन्सी द्या, दहा वर्षांची, आणि ती तिथल्या इकॉनॉमी मिनिस्ट्रीत रजिस्टर करू. मामा म्हणतात माणूस चांगला आहे, करून टाक सही. मला भीती अशी की तिथे एकदा एजंट नेमला की काढता येत नाही असं ऐकलंय, दुसऱ्याला माल पाठवला तर कस्टममध्येच अडकवतात म्हणे. हे खरंय का? की त्यापेक्षा फ्रीझोनमध्ये (कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेला तिथला खास भाग) आपलीच कंपनी काढावी? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, वकिलाकडे जाणारच आहे पण निदान काय विचारायचं ते तरी कळू दे.

शारजावाला: ऐकलंय ते जुन्या, 1981 च्या कायद्याचं. त्यात मुदत संपली तरी सबळ कारणाशिवाय रजिस्टर्ड एजंट काढता यायचा नाही. 2022 चा नवा कायदा (नंबर 3) जून 2023 पासून लागू आहे, त्यात मुदत संपली की करार संपवता येतो, फक्त एक वर्ष आधी किंवा अर्धी मुदत उरली असताना, यातलं जे कमी असेल तेवढी आधी नोटीस द्यायची. कस्टमवाली भीती मात्र अजून खरी आहे, रजिस्टर्ड एजंट दुसऱ्याने आणलेला तोच माल अडवू शकतो. पण मूळ मुद्दा वेगळाच आहे हो, रजिस्टर्ड एजंट व्हायला अमिराती नागरिक लागतो, नाहीतर नागरिकांच्या मालकीची कंपनी. तुमचा ट्रेडर मल्याळी, मग रजिस्टर कुणाच्या नावावर करणार ते आधी विचारा. कुणी लोकल नावापुरता पुढे करत असेल तर मामांचा करार त्या लोकलशी होणार, ट्रेडरशी नाही.

शिरोलीचा भाचा: अरे बापरे, हे तर डोक्यातच आलं नव्हतं! मग रजिस्टर न करता साधा डिस्ट्रीब्युशन करार केला तर?

शारजावाला: तोच बरा. पण सोल हा शब्द घालताना जपून, रजिस्टर नसला तरी मध्येच तोडला तर नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. एक-दोन वर्षांची मुदत, ठरावीक एमिरेट (दुबई, शारजा असं यूएईतलं एखादं राज्य), वर्षाला कमीत कमी किती माल उचलायचा तो आकडा, आणि आर्बिट्रेशन (भांडण झालं तर कोर्टाबाहेरचा लवाद) कुठे ते स्पष्ट लिहा. दहा वर्षं कशाला, लग्न आहे का! आणि कोर्टात अरबीच चालतं, तेव्हा अरबी मसुदा आपल्या माणसाकडून वाचून घ्या, त्याने दिलेल्यावर विसंबू नका.

खातेवही: फ्रीझोनबद्दल. शंभर टक्के मालकी मिळते, खरंय, पण ती आता मेनलँडवरही, म्हणजे फ्रीझोनबाहेरच्या यूएईतही, बहुतेक धंद्यांना मिळते, 2021 पासून. फ्रीझोनची कंपनी देऱ्यातल्या दुकानदाराला थेट माल विकू शकत नाही, मध्ये मेनलँडचा इम्पोर्टर लागतो किंवा तिथलं लायसन्स-परमिट, नाहीतर फिरून त्याच ट्रेडरकडे. कॉर्पोरेट टॅक्स 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के, फ्रीझोनला शून्य टक्के मिळायला अटी आहेत, रजिस्ट्रेशन मात्र सगळ्यांनाच, उशीर झाला तर 10,000 दिरहम दंड. लायसन्स, ऑफिस, व्हिसा, ऑडिट धरा आणि मग बघा परवडतं का. शिवाय इथून भांडवल पाठवायचं तर फेमाचे (आपला परकीय चलनाचा कायदा) ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटचे नियम आहेत, बँकेमार्फतच जायचं, नंतर दरवर्षी रिपोर्टिंग. वर्षाला चारदोन कंटेनर असतील तर मी नाही म्हणेन.

शिरोलीचा भाचा: कंटेनर तेवढेही नाहीत सध्या. खूप धन्यवाद दोघांना. त्याच्याकडे ट्रेड लायसन्स मागवलंय, त्यात मालक-पार्टनर कोण ते दिसतं ना?

शारजावाला: लायसन्सवर मॅनेजरचं नाव हमखास असतं, पार्टनरसाठी कंपनीचा मेमोरँडम (स्थापनेचा दस्तऐवज) मागा. आणि लायसन्सवर ॲक्टिव्हिटी काय लिहिलीय तेही बघा, व्हॉल्व्ह-पाइपचं ट्रेडिंग नसेल तर विषय तिथेच थांबवा.