तुमच्याकडे 'महाल' कोण म्हणतं?

गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला महाल म्हणजे राजवाडा. आपल्याकडे मात्र अंत्रुज महाल (म्हणजे फोंडा), पेडणे महाल हे सर्रास कानावर येतं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जागा, ठिकाण. पुढे वसुलीच्या कारभारात महाल म्हणजे परगण्यासारखा मुलूख झाला. महालकरी हा हुद्दाही त्यातलाच. आज सरकारी कागदावर सगळीकडे तालुका आहे. तुमच्या घरात, गावात हा शब्द कोण, कधी वापरतं? आठवेल ते लिहा.

कवळे
आमच्याकडे 'फोंड्याला जाऊन येतो' म्हणजे बाजाराला. जत्रा, भजन, नाटक यांचा विषय निघाला की मात्र अंत्रुज महाल. जत्रेतल्या नाटकाच्या फलकावर आम्ही आजही तसंच रंगवून घेतो. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, मंगेशीचा मंगेश कुठ्ठाळीचा, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तिकडची देवळं पाडली जात होती, तेव्हा लोकांनी देव जुवारी नदीपार इकडे आणले. हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगिजांकडे गेला तो 1763 मध्ये. दोन शतकं इथे देवांना आसरा मिळाला. आजी 'आमचो म्हाल' म्हणायची तेव्हा तिच्या बोलण्यात हे सगळं असायचं. मुलांच्या शाळेच्या अर्जावर मी 'तालुका फोंडा' लिहितो, दुसरं लिहिताच येत नाही. पण त्यांच्या तोंडून अंत्रुज हे नाव जाऊ नये, असं मला फार वाटतं.

पेडणे
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आई भाजी घेऊन बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, 'खंयची गो?' ती गावाचं नाव सांगत नसे. 'पेडणें म्हालांतली,' एवढंच म्हणायची, आणि तेवढ्यावर तांबड्या भाजीची जुडी उचलली जायची. पेडणे 1788 पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं. आमच्या सोयरिकी अजून बांदा, शिरोडा, सावंतवाडीकडेच जास्त. राज्याची हद्द मध्ये आली, पण लग्नाची बोलणी करताना तिकडचे लोकही 'महालातली मुलगी' असंच म्हणतात. तालुक्यातली मुलगी असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

म्हापसा
आम्हा बारदेसकरांच्या तोंडी महाल नाही. तिसवाडी, सासष्टी, बारदेस या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेले मुलूख. तीस, सहासष्ट, बारा असे आकडे या नावांतच बसलेले, त्यामुळे वेगळा शब्द जोडायची गरज पडली नसावी. मी स्वतः महाल हा शब्द वापरतो तो फक्त फोंड्याच्या मित्रांशी बोलताना.

सांगे
आमच्या तालुक्यातून अलीकडे धारबांदोडा वेगळा निघाला. कार्यालय झालं, मामलेदार आले. 'धारबांदोडा महाल' मात्र अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तिकडच्या कुणी ऐकलं असेल तर जरूर सांगा.