मदत हवी आहे: आईच्या लुगड्यांची गोधडी मशीनवर शिवताना थर सरकतात

नमस्कार मंडळी,

आई जाऊन दीड वर्ष झालं. तिची चार सुती लुगडी जपून ठेवली होती. त्यांची गोधडी करून लेकीला हॉस्टेलवर द्यायची आहे. हाताने शिवायची फार इच्छा होती, पण मनगट साथ देत नाही, म्हणून घरच्या मशीनवर घेतली. माप ५ बाय ७ फूट. वर-खाली एकेक थर, आत लुगड्याचेच दोन थर, कापूस नाही.

वरचा थर पुढे सरकतो. कोपऱ्याला पोचेपर्यंत दोन बोटं कापड जास्तीचं उरतं आणि वळताना चुण्या पडतात. शिवाय वरून टीप छान दिसते, पण खाली दोऱ्याची जाळी होते. बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू दोनदा पिळून पाहिला, काही फरक नाही. सुई १४ नंबरची, टाका २ वर. आई कडेपासून आत चौकोन घेत जायची, मीही तसंच सुरू केलंय. उसवून उसवून एका जागी लुगडं विरलंय, आता हात लावायची भीती वाटते. काय चुकतंय?

प्रतिसाद १
ताई, तो स्क्रू आधी होता तिथे आणा. जाळी खाली दिसते, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट उचलून सगळा दोरा काढा, पुन्हा ओवा, सुईही नवी लावा. मग चार थरांच्या तुकड्यावर वर लाल, खाली पांढरा दोरा घेऊन टीप मारून बघा. खालच्या बाजूला लाल दोरा डोकावला तर वरचं टेन्शन थोडं वाढवा.

प्रतिसाद २
हाताने शिवताना सगळे थर बोटांत धरलेले असतात. मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं फुटाखाली अडून पुढे ढकललं जातं. कडेपासून आत आलात तर ते सगळं मध्ये फुगणार. म्हणून मशीनवर मधून सुरुवात करून बाहेर जायचं. त्याआधी फरशीवर खालचा थर ताणून चिकटपट्टीने बसवा, बाकीचे पसरा आणि वीतभर अंतरावर कच्चा धावदोरा घाला. यात आळस नको, निम्मं काम इथेच होतं. वॉकिंग फूट मिळाला तर जरूर घ्या, तो वरचा थरही बरोबर पुढे नेतो. टाका साडेतीनवर ठेवा, बारीक टाक्याने जुनं सूत तुटतं. आणि गोधडीचं वजन टेबलावर राहू द्या. खाली लोंबली की कापड ओढलं जातं, सुई वाकते.

धागाकर्ती
दोरा नव्याने ओवला आणि जाळी गेली! धावदोरा घालून मधून सहा ओळी मारल्या, एकही चुणी नाही. खूप आभार. विरलेल्या जागेला काठाचा तुकडा लावू का?

प्रतिसाद २
लावा की. फक्त ठिगळाची कड विरलेल्या भागाबाहेर दोन बोटं, धड कापडावर येऊ द्या आणि तेवढं हातानेच शिवा.