फुकटच्या पोकर टूर्नामेंटमध्ये बक्षिसाच्या जवळ जाऊन बाद होतोय, कुठे चुकतंय?

मेंढीकोट:
नमस्कार मंडळी. मी लेस्टरला असतो, रविवारी संध्याकाळी मोकळा असलो की ऑनलाइन फ्रीरोल खेळतो, म्हणजे एन्ट्री फी शून्य असलेली होल्डेम टूर्नामेंट (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच). साधारण दोन हजार लोक असतात, प्रत्येकाला 5000 चिप्स, आणि पहिल्या 150 जणांना थोडंफार बक्षीस. तीन महिन्यांत मला एकदाच मिळालंय. एकतर पहिल्या अर्ध्या तासात बाद होतो, नाहीतर अडीच तास जपून जपून खेळून 340वा वगैरे नंबर येतो आणि सगळी संध्याकाळ पाण्यात जाते.

कालचा डाव सांगतो. ब्लाइंड (दोघांनी पत्त्यांआधीच सक्तीने टाकायची रक्कम, स्मॉल आणि बिग) 50-100, मी बटणवर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळणारी जागा), हातात एक्क्यांची जोडी. आधीच्या तिघांनी नुसते 100 टाकले होते, मला वाटलं आता रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली, तर सगळे पळतील, म्हणून मीपण गुपचूप 100च टाकले. दोन्ही ब्लाइंड धरून सहा जण फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांना. फ्लॉप आला बदामची नव्वी, बदामची छक्की, किलवरची दुर्री. बिग ब्लाइंडने 400 लावले, एकाने कॉल केलं (तेवढेच टाकले), मी ऑल-इन (सगळ्या चिप्स आत), आणि बिग ब्लाइंडने दाखवली नव्वी-छक्की. दोन जोड्या! असले पत्ते घेऊन लोक खेळतातच कसे? हे सगळं नशीबच आहे का, की खरंच काही पद्धत आहे?

झब्बू:
भाऊ, नव्वी-छक्कीवाल्याने काहीच चुकीचं केलं नाही, तो बिग ब्लाइंडला होता, त्याला फ्लॉप फुकटात बघायला मिळाला आणि तो तुम्हीच दाखवलात. एक्क्यांची जोडी एका माणसासमोर, त्याचे पत्ते कुठलेही असोत, साधारण 85 टक्के वेळा जिंकते. दोघांसमोर 73, तिघांसमोर 64, आणि पाच जण शेवटपर्यंत राहिले तर 49 टक्के, म्हणजे निम्म्याच्याही खाली. तुम्ही पाच जणांना आत घेतलंत.

तिथे रेझ किती करायचं? पैसे भरून खेळायच्या टूर्नामेंटमध्ये लोक अडीच-तीन ब्लाइंड (म्हणजे बिग ब्लाइंडच्या तितके पट) करतात, फ्रीरोलमध्ये ते चालत नाही, कारण कोणाच्या खिशातलं काही जात नसतं आणि सगळे कॉल करतात. मी चार ब्लाइंड करतो आणि आधी नुसते कॉल करून बसलेल्या प्रत्येक माणसामागे एक वाढवतो. तुमच्या डावात तिघे होते म्हणजे 700. सगळे पळतील ही भीती सोडा, एखादा येतोच, आणि आपल्याला तेवढा एकच हवा असतो.

दुसरं म्हणजे पहिल्या तासात ब्लफ अजिबात करायचा नाही. ब्लफला समोरचा फोल्ड करणारा, म्हणजे पत्ते टाकून देणारा, लागतो आणि इथे फोल्ड करणारं कोणी नसतं, तळातली जोडी (टेबलावरच्या सगळ्यात छोट्या पानाशी जुळलेली) धरूनही लोक रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानापर्यंत, येतात. पण त्याचाच फायदा घ्या ना, आपल्याकडे चांगली जोडी असली की फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर तिन्ही वेळा पॉटच्या (मध्ये जमलेल्या रकमेच्या) अर्ध्याहून जास्त लावा, चेक करून (काही न लावता) सापळा लावत बसू नका. फ्लॉपवर फ्लशसाठी (एकाच रंगाची पाच पानं) एक पान कमी असलेला माणूस पुढच्या दोन पानांत साधारण 35 टक्के वेळा लावतो, त्याला ती पानं फुकट कशाला दाखवायची? आणि दुर्री ते सत्तीपर्यंतच्या छोट्या जोड्या स्वस्तात बघायला मिळाल्या तर बघा, फ्लॉपवर तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतं, लागलं तर भरपूर मिळतं, नाही लागलं तर त्या जोडीत जीव अडकवायचा नाही, सरळ टाकून द्यायची.

पहिल्या दहा मिनिटांत जे रोज ऑल-इन ऑल-इन खेळतात त्यांच्याशी एक्का-दश्शी वगैरे घेऊन भिडू नका. गुलामांची जोडी किंवा वर असेल तर मात्र बिनधास्त कॉल करा.

गुलामचोर:
झब्बूंनी सांगितलं ते पहिल्या तासाचं झालं. तुमचा 340वा नंबर येतो त्याचं कारण वेगळं आहे, तुम्ही पहिल्या तासासारखंच शेवटपर्यंत खेळताय.

हिशोब करून बघा. समजा 340 जण उरलेत, ब्लाइंड 1000-2000, अँटे (प्रत्येकाने दर डावाला टाकायची रक्कम) 200, टेबलावर नऊ जण आणि तुमच्याकडे 12000. एका फेरीत काही न खेळता तुमचे 1000 अधिक 2000 अधिक नऊ वेळा 200, म्हणजे 4800 जातात. दोन-अडीच फेऱ्यांत संपलात, आणि त्याच्या आधी ब्लाइंड वाढलेच. पण हेच उलटं बघा, प्रत्येक डावात पत्ते वाटताच मध्ये 4800 पडलेले असतात. एकदा ऑल-इन करून सगळे पळाले तर 12000 चे 16800 झाले, पत्ता न दाखवता.

म्हणून दहा ब्लाइंडच्या खाली आलात की रेझ करून फ्लॉप बघणं बंद, एकतर ऑल-इन नाहीतर फोल्ड. बटणवरून किंवा स्मॉल ब्लाइंडवरून कोणी आधी आलेलं नसेल तर कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, बादशाह-नव्वी असं सगळं चालतं. तीन ब्लाइंड उरेपर्यंत थांबलात तर तुमच्या ऑल-इनला कोणी घाबरतच नाही, बिग ब्लाइंड डोळे मिटून कॉल करतो.

अजून एक, हे फ्रीरोलमध्येच इतकं मिळतं. बरेच जण नाव नोंदवून येतच नाहीत, त्यांची सीट चालू असते, ब्लाइंड आपोआप कापले जातात आणि पत्ते आपोआप फोल्ड होतात. टेबल उघडलं की आधी अशा सीट कुठल्या ते बघून ठेवा. ते ब्लाइंडवर असताना तुमच्यापर्यंत सगळे फोल्ड झाले तर दोन ब्लाइंडचा रेझ पुरतो, ऑल-इनची गरजच नाही. फक्त तो माणूस मध्येच परत आला का तेवढं लक्ष ठेवा.

किलवरराणी:
बक्षीस कसं वाटतात ते आधी वाचत जा, हे कोणीच करत नाही. काही फ्रीरोलमध्ये पहिल्या 50 जणांना मोठ्या टूर्नामेंटचं एकसारखं तिकीट असतं. तिथे पहिल्या आणि पन्नासाव्यात काही फरक नाही, त्यामुळे 52 जण उरलेत, तुमच्याकडे बऱ्यापैकी चिप्स आहेत आणि चार-पाच जण एका ब्लाइंडवर लटकलेत, तर एक्क्यांची जोडीसुद्धा ऑल-इनसमोर टाकून द्यायची. मी टाकली आहे, हात थरथरत होता पण तिकीट मिळालं. याउलट वरच्या तिघांनाच खरे पैसे असतील तर 150वा नंबर गाठायला जपत बसून काय मिळणार, तिथे धोका घ्यायचा.

मी पुण्यात असते. इथे ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैसे लावून ऑनलाइन पोकर बंदच झालं, कौशल्य की नशीब हा वादही त्यात चालत नाही. आता आम्ही मैत्रिणी नुसत्या चिप्सवर खेळतो. तुम्ही तिकडे आहात, तुम्हाला मिळतंय तर ते शिकण्यासाठी वापरा असं मनापासून वाटतं, कारण 100 पौंडांचं बक्षीस दोन हजारांत वाटलं तर डोक्याला 5 पेन्स येतात, कमाई म्हणून बघाल तर वैतागाल. पण त्यातूनच पुढे गेलेले लोक आहेत. नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड फ्रीरोलपासूनच सुरू झाली आणि 2007 मध्ये लंडनला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धा जिंकली, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, दहा लाख पौंड. पोकर खेळाडू ख्रिस फर्ग्युसनने 2006 मध्ये शून्यापासून फ्रीरोल खेळायला घेतले आणि साधारण दीड वर्षात 10000 डॉलर केले. त्याचा नियम होता की मोठ्या टूर्नामेंटला जवळच्या रकमेच्या 2 टक्क्यांहून जास्त लावायचं नाही, फक्त एक डॉलरपर्यंतची एन्ट्री कधीही चालेल. जिंकलेले चार पौंड एका झटक्यात लावू नका.

आणि तीन पत्ती खेळून आला असाल तर ती न बघता चाल करायची सवय सोडा, इथला ब्लाइंड म्हणजे सक्तीचा भरणा, त्यात शौर्य काही नाही.

मेंढीकोट:
खूप आभार तिघांचेही. आज खेळलो. दुसऱ्याच टेबलावर माझ्या डावीकडच्या दोन्ही सीट रिकाम्या निघाल्या, चाळीस मिनिटं त्यांचेच ब्लाइंड उचलत होतो. एक्के आले नाहीत पण राण्या आल्या, दोघांनी 100 टाकले होते, मी 600 केले, एकानेच कॉल केलं आणि तळातली जोडी धरून तिन्ही वेळा पैसे दिले. 118वा आलो. शेवटी आठ ब्लाइंड होते, बटणवर बादशाह-नव्वी ऑल-इन केली, बिग ब्लाइंडकडे एक्का-सत्ती निघाली. हे बरोबर होतं ना?

गुलामचोर:
बरोबर होतं. पुढच्या वेळी पण तेच करा.