थांबणारे का थांबतात? संस्कार, भीती, की शेजारच्या खाटेवरच्या गप्पा?

अर्धविराम
वसतिगृहातलं पहिलं वर्ष. दिवे मालवलेले, चार खाटा, आणि विषय अर्थातच तोच, मुली आणि शरीरसंबंध. पहिल्याने त्याचा 'अनुभव' सांगितला, अगदी तपशीलवार. मग माझी पाळी. सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी एक मुलगी, एक रिकामं घर आणि एक पावसाळी दुपार रचली. खिडकीची कडी लागत नव्हती, हा तपशील घातला तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं. तिसरा एरवी "मला घाई नाही" असं बिनदिक्कत सांगायचा. त्या रात्रीनंतर तो ते म्हणेनासा झाला. चौथा भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

पंधरा वर्षांनी पहिला भेटला. त्याचीही गोष्ट बनावट निघाली.

लग्नापर्यंत, किंवा निदान काही काळ, शरीरसंबंध नको असं काही विद्यार्थ्यांना वाटतं आणि काहींना तो विचारच हास्यास्पद वाटतो. हा संयम कुणाला पटणार, हे कशावरून ठरतं? आइझेन या मानसशास्त्रज्ञाची एक मांडणी आहे. माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते तीन गोष्टींवरून: त्याला स्वतःला ती कशी वाटते, आपल्या माणसांना ती कशी वाटेल असं त्याला वाटतं, आणि ती आपल्या हातात आहे असं त्याला कितपत वाटतं. माझ्या मते कॉलेजच्या वयात यातली दुसरी गोष्ट बाकीच्या दोघींना खाऊन टाकते. त्यात ती निव्वळ अंदाजावर चालते. २००३ साली अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात मुलगे आणि मुली दोघांनाही असं वाटत होतं की तात्पुरते शारीरिक संबंध आपल्यापेक्षा इतरांना जास्त सहज वाटतात. सगळ्यांनाच असं वाटत असेल तर हे 'इतर' आहेत तरी कोण?

तुमची मतं वाचायला आवडतील. शिव्या नकोत.

खडूस
चार खाटांवरून अख्खी तरुण पिढी मोजलीत, कमाल आहे. मुलगा विद्यापीठात येतो तेव्हा अठरा वर्षांचं घर पाठीवर घेऊन येतो. घरात काय बोललं जात होतं, काय बोलणं टाळलं जात होतं, श्रद्धा होती की नव्हती, हे सगळं आधीच मुरलेलं असतं. धार्मिक वातावरणात वाढलेली मुलं सरासरीने उशिरा सुरुवात करतात, हे पाहणी करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तुमचा तो तिसरा मित्र गप्प झाला म्हणता. पण वागणं बदललं का त्याचं? ते तुम्ही लिहिलेलं नाही.

अर्धविराम
बदललं की नाही, मला माहीत नाही. खरंच.

तळटीप
खडूस यांच्या मुद्द्याला थोडी भर आणि थोडी कात्री. अमेरिकेत १९९३ पासून लग्नापर्यंत कौमार्य राखण्याच्या शपथांची मोठी चळवळ झाली. लाखो मुलामुलींनी शपथा घेतल्या. बेअरमन आणि ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवलं की शपथ घेणाऱ्यांचा पहिला संबंध सरासरी दीड वर्षाने लांबला. संस्कारवाल्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण पुढचं वाचा. शाळेत शपथ घेणारे मोजके असतील तरच हा परिणाम दिसला. गर्दी झाली की तो ओसरला. 'आम्ही वेगळे' ही भावनाच काम करत होती, आणि सगळेच वेगळे झाले की वेगळं कोण उरणार? शिवाय ज्यांची शपथ मोडली ते पहिल्या वेळी गर्भनिरोधक कमी वापरत होते. ज्या गोष्टीची तयारी करणं म्हणजेच पाप, तिची तयारी कोण करेल?

मग २००९ साली रोझेनबॉम या संशोधिकेने शपथ घेणाऱ्यांची तुलना शपथेआधी त्यांच्याचसारख्या असलेल्या, म्हणजे तितक्याच धार्मिक आणि त्याच मतांच्या, पण शपथ न घेतलेल्या मुलांशी केली. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या लैंगिक वागण्यात फरक उरला नव्हता. आणि शपथ घेतलेल्यांपैकी ८२ टक्के म्हणाले, आम्ही कधी शपथ घेतलीच नव्हती!

खडूस
यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. दोन्ही गट मुळात एकाच घडणीचे होते, म्हणून फरक दिसला नाही. शपथेचा कागद गेला चुलीत, घडण महत्त्वाची.

तळटीप
हे मात्र मान्य करावं लागेल. :)

जुनी वही
अर्धविराम, तुमच्या खोलीत चारही मुलगे होते. आमच्या खोलीत सगळं उलट चालायचं. आम्ही तिघी. जिचं खरोखर प्रकरण चालू होतं ती या विषयावर सगळ्यात साळसूद बोलायची, आणि कुणा मुलीबद्दल कुजबुज झाली की नाक मुरडण्यात तिचा पहिला नंबर. एकदा आकृती काढायची होती म्हणून मी न विचारता तिची कंपासपेटी उघडली. कोनमापकाखाली गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट, घडी घातलेल्या कागदात गुंडाळलेलं. मी पेटी मिटली आणि हातानेच वाकडंतिकडं वर्तुळ काढलं. आम्ही दोघी त्यावर आजतागायत बोललेलो नाही.

तुम्ही मुलगे नसलेलं सांगत होता, आम्ही असलेलं लपवत होतो. मग प्रश्नावली वाटून 'संयमाविषयी तुमचा दृष्टिकोन काय' विचारलं तर कागदावर काय उतरणार? निनावी असली तरी लिहिणारा हात तोच असतो.

आणि भीतीचं म्हणाल तर ती सारखी वाटलेली नाही. दिवस गेले तर वर्ष कुणाचं बुडतं? नाव कुणाचं घेतलं जातं? 'मुली जास्त संयमी असतात' असा निष्कर्ष वाचला की मला हसू येतं. त्यांना चुकीची किंमत जास्त मोजावी लागते, एवढंच त्यातून कळतं.

खडूस
वहीताई, मुद्दा पटला. पण हिशेब करून थांबणं हाही दृष्टिकोनच झाला की. त्याला खोटा का म्हणायचं?

जुनी वही
खोटा नाही म्हणत. हिशेब बदलला की तो बदलेल, इतकंच. गोळ्या खात्रीने मिळाल्या, नाव ठेवणारं कुणी उरलं नाही, तरीही जी थांबेल तिचा दृष्टिकोन मला ऐकायचा आहे.

नवखी
मग माझा ऐका. बरेच दिवस नुसतं वाचत होते, हा पहिलाच प्रतिसाद. वय २०, तिसरं वर्ष. देव मानत नाही. आईने सगळं नीट समजावून सांगितलेलं आहे, त्यामुळे भीतीही नाही. एक मित्र आहे, त्याच्याशी यावर मोकळं बोलणं झालंय. तरी सध्या नको आहे.

कारण विचारू नका असं नाही, पण कारण द्यावंच लागतं याचा कंटाळा आलाय. मैत्रिणींचा पहिला प्रश्न "तुला काही झालं होतं का?" दुसरा, "घरचे कडक आहेत का?" नुसतं 'नको' कुणाला पुरतच नाही.

आणि या धाग्यातल्या 'संयम' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. संयम म्हणजे हवंय पण आवरलंय. काहींना आवरायला काही नसतंच, काहींना ते आकर्षण कधीच वाटत नाही, आणि काहींच्या बाबतीत आधी त्यांचं 'नाही' कुणी ऐकलेलं नसतं. सगळ्यांना एकाच पोत्यात भरून वर लेबल लावायचं 'संयमी'. शिवाय जे थांबत नाहीत ते आपोआप असंयमी ठरतात. माझ्या रूममेटला मी तसं म्हणू देणार नाही.

खडूस
वय २० आहे. मत बदलेल.

नवखी
बदललं तर बदललं. जी 'हो' म्हणते तिला कुणी सांगतं का, वय २० आहे, मत बदलेल?

अर्धविराम
नवखी, हे वाचून दोन मिनिटं थांबलो. शब्द मी सवयीने वापरला. धाग्याच्या मथळ्यात 'थांबणारे' आहे, तेही फारसं बरं नाही, पण दुसरं सुचत नाही.

तळटीप
शब्दावरून आठवलं. २००७ साली अमेरिकेतल्या फक्त संयम शिकवणाऱ्या चार सरकारी कार्यक्रमांची तपासणी झाली. कार्यक्रमात बसलेल्या आणि न बसलेल्या, दोन्ही गटांत संबंध न ठेवलेल्या मुलांचं प्रमाण सारखंच निघालं, जवळजवळ निम्मं. याउलट २०१० साली जेमट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सहावी-सातवीच्या मुलांना 'लग्नापर्यंत' न म्हणता 'तुमची तयारी होईपर्यंत' असं शिकवलं. निंदा नाही, कंडोमला नावं ठेवणं नाही, मुलांनी आपली कारणं आपणच शोधायची. दोन वर्षांत त्यातल्या साधारण तिघांपैकी एकाने सुरुवात केली होती, हे न शिकवलेल्या दुसऱ्या गटात जवळजवळ निम्म्यांनी.

खडूस
सहावी-सातवीची मुलं! धागा विद्यापीठाचा आहे. तिथे शिकवणी लावून काही होत नसतं. तिथे हातात असतो तो मोकळा वेळ, दारू, आणि आतून कडी लावता येणारी खोली. खोली मिळाली नाही म्हणून थांबलेले निम्मे लोक पुढे त्याला तत्त्व म्हणतात.

जुनी वही
'निम्मे' हा आकडा कुठून आणला? आता तळटीप येतील मागे लागून.

खडूस
स्वानुभव. निम्मा मीच.

नवखी
:D

जुनी वही
अर्धविराम, एक राहिलंच. पहिल्याने थाप मारली, तुम्ही मारली, तिसरा गप्प झाला. भिंतीकडे तोंड केलेल्या चौथ्याचं काय?

अर्धविराम
हा धागा काढायच्या आदल्या दिवशी त्यालाच फोन केला होता. म्हणाला, जागाच होतो. तेव्हा त्याचं एका सीनियर मुलीशी खरंच चालू होतं, वर्षभर. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, तुमच्या गोष्टी ऐकून वाटलं, आपण काहीतरी चुकीचं करतोय. आमच्यात खिडकीची कडी वगैरे काही नव्हतं, दोघंही घाबरून बराच वेळ नुसते बसून होतो.