इंग्लिश रूममेटला पाहुण्यासारखं वागवणं थांबवायचंय, कसं जमवायचं?

गंगापूररोड_तिसरामजला

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा आणि सांगा.

आम्ही तिघं गंगापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, एक निफाडचा, एक येवल्याचा आणि मी सिन्नरचा. ऑगस्टपासून चौथा आलाय तो थेट इंग्लंडचा, शेफील्डचा, वय २४. सातपूर एमआयडीसीत माझ्याच ऑफिसात वर्षभरासाठी डिझाईनच्या कामाला आहे. आधी गेस्ट हाऊसवर एकटाच राहायचा, संध्याकाळी सहानंतर बोलायला माणूस नाही, म्हणून मीच म्हणलं चल आमच्याकडे, एक खोली रिकामीच आहे. आमच्यात त्याला सगळे भाऊच म्हणतात आता, खालचे मालक काकापण.

पोरगा एकदम भारी आहे. पहिल्याच महिन्यात एकदा म्हणाला की आज टी मी करतो, सहाला घरी या. आम्ही तिघं ऑफिस सुटल्यावर टपरीवर पाववडे हाणले आणि येताना बिस्किटाचे दोन पुडे घेऊन आलो चहाबरोबर खायला म्हणून, आणि बघतो तर टेबलावर बटाट्याचा डोंगर, मटार, तव्यावर परतलेले चिकनचे सॉसेज, ग्रेव्ही, सगळं मांडून हा वाट बघत बसलेला! तेव्हा कळलं की त्यांच्या यॉर्कशायरकडे रात्रीच्या जेवणालाच टी म्हणतात आणि दुपारच्या जेवणाला डिनर. पोट भरलेलं होतं तरी सगळं संपवलं आम्ही, निफाडकरने तर बटाटा परत घेतला. तेव्हापासून आमच्याकडे टी म्हणजे जेवण आणि चहा म्हणजे चहा हे पक्कं ठरलंय.

दुसरं म्हणजे तो रोज सकाळी यू ऑल राईट? असं विचारतो. येवलेकर पहिले पंधरा दिवस खरंच उत्तर द्यायचा की रात्री झोप झाली नाही, ॲसिडिटी वाढलीय, मान धरलीय. आणि तो बिचारा ब्रश हातात घेऊन सगळं ऐकून घ्यायचा. तिकडे ते नुसतं कसा आहेस इतपतच असतं म्हणे. उलट त्याला प्रश्न पडलेला की इथे जो तो मला जेवलास का विचारतो, मी इतका बारीक दिसतो का. त्याला म्हणलं तुझं ऑल राईट तेच आमचं जेवलास का.

तर असं सगळं मस्त चाललंय आणि तरी एक गोष्ट खटकलीय. गेल्या रविवारी अंजनेरी करून येताना मिसळ खायला थांबलो. नेहमीची मिसळ, वर दही, बाजूला पापड, जिलबी. बिल आलं तसं त्याने पाकीट काढलं, येवलेकरने त्याचा हात धरला आणि मी तोवर फोनवरून पैसे देऊन मोकळा. दर वेळी असंच होतं. गाडीवर घरी येईपर्यंत तो गप्प होता. रात्री मी भांडी घासत होतो, तो येऊन शेजारी उभा राहिला, त्याच्या हातात कापड होतं, मी म्हणलं राहू दे रे, बस तू. तेव्हा तो म्हणाला की सात महिने झाले, मी अजून गेस्टच आहे का?

आम्हाला काय बोलावं कळेना. घरी लहानपणापासून हेच शिकवलंय की पाहुण्याला पाकीट काढू द्यायचं नाही, ताट उचलू द्यायचं नाही. आम्ही प्रेमानेच करत होतो हो. पण त्याचा चेहरा बघून वाटलं काहीतरी चुकतंय. परदेशी रूममेटबरोबर राहिलेलं कोणी आहे का इथे? त्याला लाजल्यासारखं न वाटता हे कसं बदलायचं? आणि समोर रंगपंचमी आहे, तेव्हा काहीतरी नीट करावं असं मनात आहे.

लीड्सहून_परत

तुझी पोस्ट वाचून मला माझं घर आठवलं. मी मास्टर्सला लीड्सला होते, शेफील्डच्या जवळच, आणि चार इंग्लिश मुलींबरोबर एका घरात राहिले. त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते.

पहिल्या आठवड्यात फ्रिजवर कागद लागला, कोणी कधी बाथरूम धुवायचं, कोणी कचरा बाहेर ठेवायचा, आणि त्यात माझं नाव पहिल्याच ओळीत होतं. मला वाईट वाटलं होतं तेव्हा. दुधाच्या बाटलीवरसुद्धा नावं! आपल्याकडे नवीन माणसाला निदान आठवडाभर तरी कोणी झाडू देत नाही हातात. महिन्याभराने मात्र कळलं की त्या कागदावर नाव असणं म्हणजेच त्या घरातली असणं. एकदा मला ताप होता तर एकीने माझी पाळी केली आणि पुढच्या आठवड्यात हक्काने परत मागून घेतली, मला इतकं बरं वाटलं त्याचं.

आणि पैशाचं सांगते, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दोनच पद्धती, एकतर टीटीएमएम म्हणजे तुझं तू माझं मी, नाहीतर एकाने सगळ्यांचं द्यायचं. तिकडे पबमध्ये तिसरीच पद्धत असते, राऊंड. पाच जण गेले की पहिला माणूस पाचही जणांचं आणतो, मग दुसरा पाचांचं आणतो, असं फिरत राहतं. कोणी हिशोब मांडत नाही, पण कोणाची पाळी आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. जो आपली पाळी टाळतो त्याच्याबद्दल माणसं मागून बोलतात, आणि ज्याला पाळीच येऊ देत नाहीत तो त्या टोळक्यातला नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो. मी सरबत प्यायचे तरी माझी पाळी चुकायची नाही. आता विचार कर, सात महिने तुम्ही त्याची पाळी येऊच दिली नाहीये. तुम्हाला वाटतंय आपण माया करतोय आणि तो रोज मनात धरतोय की मी फुकट्या ठरतोय.

त्याला बिल वाटून घ्या असं सांगू नका, त्यापेक्षा राऊंड लावा. या रविवारची मिसळ तुझी, पुढची त्याची.

मखमलाबादचा_मळेकरी

मला नाही पटत हे. पाहुणचार ही आपली पद्धत आहे, त्याला आवडो न आवडो, तो आपल्या गावात आलाय तर आपल्या पद्धतीने वागवणार ना. मी तिकडे गेलो तर मी त्यांच्या पद्धतीने राहीन. पोरगा परत गेल्यावर सांगेल ना की नाशिकला सात महिने कोणी पाकीट काढू दिलं नाही.

लीड्सहून_परत

दादा, पाहुणा आठ दिवसांचा असतो. तो भाडं भरतोय त्या घराचं.

इंदिरानगरची_काकू

मी स्वतः दोन फ्लॅट भाड्याने देते म्हणून आधी कामाचं बोलते. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने फॉर्म सी ऑनलाईन भरायचा असतो, २४ तासांच्या आत. आणि १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर त्याने स्वतः पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. गेस्ट हाऊसवरून तुमच्याकडे आला तेव्हा पत्ता बदलला, तर हे मालकांना विचारून खात्री करून घ्या. उगाच उद्या पोराला त्रास नको. आणि बसता-उठता असाल शुक्रवारी तर लक्षात ठेवा, आपल्या राज्यात बीअरला २१ आणि हार्ड लिकरला २५ वय लागतं, तिकडे १८ असतं म्हणून त्याला माहीत नसेल.

आता तुमच्या प्रश्नाचं. त्याला भांडी द्याच, पण मी म्हणते घरातलं असं काम द्या जे त्याच्यावाचून अडेल. भांडी काय, त्याने नाही घासली तर तुम्ही घासाल. सकाळी पाणी येतं तेव्हा मोटर लावणं त्याला द्या. दूध तापवणं द्या. तिकडे बाटलीतलं दूध सरळ फ्रिजमध्ये जातं, त्यामुळे पातेल्याजवळ उभं राहायचं असतं हेच त्यांना माहीत नसतं. एकदा उतू जाईल, ओटा पुसेल, शिकेल. माझ्या भाच्याकडे जर्मन मुलगी राहिली होती, ती सहा महिन्यांत कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकली आणि जाताना तेच सगळ्यांना सांगत होती.

अजून एक, बाहेर पडताना जातो म्हणत असेल तर येतो म्हणायला शिकवा. माझ्याकडच्या प्रत्येक भाडेकरूला मी शिकवलंय.

पंचवटीकर_जुना

रंगपंचमीला रहाडीत टाका त्याला!! दुसरं काही करू नका.

बाहेरगावच्या वाचकांसाठी लिहितो. आपल्या नाशकात धुळवडीला रंग नसतो, त्या दिवशी वीरांची मिरवणूक असते, रंग थेट रंगपंचमीला. जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीत बांधलेले दगडी हौद. वर्षभर वरून लाकडं आणि माती टाकून बंद असतात, वरून गाड्या जातात, खाली हौद आहे हे नव्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, फुलांपासून केलेला रंग टाकतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग वरून उडी मारायची, तिला धप्पा म्हणतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, कुठल्याही ठिकाणी या. रंग असा चढतो की आठवडाभर कानामागून जात नाही.

आणि हे का सांगतोय तर नाशिकला आलेल्या प्रत्येक परदेशी माणसाला आपण आधी वाईनरी दाखवतो, मग त्र्यंबक, मग पांडवलेणी. तो फोटो काढतो आणि आपण त्याचे फोटो काढतो. रहाडीत कोणी कोणाचा फोटो काढत नाही, पाच मिनिटांत कोण गोरा कोण काळा तेच कळत नाही, सगळे एकाच रंगाचे. फक्त जुने कपडे घाला, अंगाला तेल लावा, चष्मा घरी ठेवा आणि धप्पा मारताना खाली माणूस नाही ना ते बघा. पोहता येत नसेल तर आधी सांगायला लावा त्याला.

गंगापूररोड_तिसरामजला

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा, मार्च एंडची गडबड होती.

सगळ्यात आधी काकू, फॉर्म सीचं मालक काकांना विचारलं, त्यांनी तो आल्याच दिवशी भरलेला होता, त्याची नोंदणीपण झालेली आहे. मनापासून धन्यवाद, आमच्या डोक्यातच नव्हतं हे.

लीड्सहून परत, तुमची पोस्ट मी त्याला इंग्रजीत करून वाचून दाखवली. राऊंडच्या जागेवर आल्यावर तो नुसता हो हो करायला लागला, म्हणाला हेच मला सांगता येत नव्हतं. त्याच रात्री आम्ही चौघांनी बसून कागद केला, फ्रिजवर लावलाय. मोटर सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याच्याकडे, दूध येवलेकरकडे (त्याला चहा सगळ्यात आधी लागतो), भांडी आळीपाळीने. किराणा आणि गॅससाठी डबा ठेवलाय, दर महिन्याला चौघांनी सारखे पैसे टाकायचे. रविवारच्या मिसळीचा राऊंड. पहिला त्याने मागून घेतला आणि काउंटरवर जाऊन मराठीत म्हणाला, चार मिसळ, दोन एक्स्ट्रा रस्सा. मालकांनी त्याला पापड जास्त दिला तर तो आमच्याकडे बघून म्हणतो, हे पाहुणा म्हणून की गिऱ्हाईक म्हणून?

मळेकरी दादा, तुमचंही एक ऐकलं. निफाडकरच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईसमोर राऊंड चालला नाही आणि चालू द्यायचाही नव्हता, तिथे तो पाहुणाच होता आणि त्यालाही ते चाललं. पण मळ्यात द्राक्षाची काढणी चालू होती आणि तिथे एक गंमत झाली. पॅकिंगला बसलेल्या मावशी त्या प्लॅस्टिकच्या डब्यांना पनेट म्हणत होत्या, आणि हा उडालाच, कारण तो शब्द त्यांचाच आहे, तिकडे लोक दुकानातून स्ट्रॉबेरीचा पनेट आणतात. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं तिकडे जातात हे त्याला माहीत होतं, पण शब्द तिकडून येऊन मावशींच्या तोंडी बसलाय हे त्याला फार आवडलं. दोन तास त्यांच्याबरोबर बसून त्याने पनेट भरले, मावशींनी त्याचे दोनदा परत उपसायला लावले, घड नीट बसले नव्हते म्हणून.

रंगपंचमीला शनी चौकात गेलो. मला सांगता येणार नाही राव. पहिल्यांदा काठावर दहा मिनिटं उभा होता, मागून कोणीतरी ओरडलं ए भाऊ मार ना, आणि त्याने धप्पा मारला. वर आला तो ओळखू येईना. मग सहा-सात वेळा मारला. सोमवारी ऑफिसला कान गुलाबी घेऊनच आला आणि मीटिंगमध्ये कोणी विचारायच्या आधी स्वतःच रहाड म्हणजे काय ते सांगायला लागला, तारीख पुढच्या वर्षी कधी येते तेपण बघून ठेवलीय.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच झाली. गेल्या बुधवारी तो मोटर लावून विसरला, टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्यावरून खाली. काका आमच्यावर महिन्यातून एकदा तरी ओरडतात याच कारणाने, त्याच्यावर आजवर एकदाही आवाज चढवलेला नव्हता, त्याला बघितलं की हसून गुड मॉर्निंग म्हणायचे. त्या दिवशी खालून ओरडले, ए भाऊ, टाकी वाहतीय, लक्ष कुठंय तुझं! तो धावत गेला, मोटर बंद केली, खाली जाऊन जिना पुसला, काकांना सॉरी म्हणाला आणि वर आला तो हसतच. मला म्हणाला, ऐकलंस? ते माझ्यावर ओरडले.

आज भांड्यांची पाळी त्याची आहे. कुकरच्या तळाला वरण लागलंय आणि ते त्याला निघत नाहीये. मी ओट्याला टेकून हे टाईप करतोय, हात लावत नाहीये.