कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बंधुसंघांकडून आपल्या वसतिगृहांनी काय घ्यावे?

वसतिगृह अधीक्षक, परभणी

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवतो आणि मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. आमच्याकडे येणारी बरीच मुले घराण्यातून महाविद्यालयात पाऊल ठेवणारी पहिलीच असतात. काहींचे आईवडील ऊसतोडीसाठी कारखान्यावर गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या सत्राचा निकाल हाती येतो तेव्हा त्यांच्याशी बोलायला घरी कोणी नसते. दोन-तीन विषय राहिले की मुलगा कोणालाही न सांगता पेटी उचलून निघून जातो, आणि हजेरीपटातील रिकाम्या रकान्यांवरून ते आम्हाला कळते. मेंटॉर-मेंटी योजना आमच्याकडेही आहे. प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे विद्यार्थ्यांची यादी आहे, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फाइलमध्ये सह्यांसकट नोंदवह्या आहेत, परंतु त्या नोंदवहीमुळे एखादा मुलगा जायचा थांबला असे मला दिसलेले नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी महाविद्यालयांत एकमेकांना सांभाळण्याची स्वतःची परंपरा उभी केली, असे अलीकडे वाचनात आले. ही बंधुता प्रत्यक्षात कशी चालते, ती अभ्यासाशी कशी जोडली जाते आणि मोठ्या मुलांवर नेमके काय सोपवले जाते, हे जाणकारांनी सांगावे. प्रेरणादायी भाषणे आम्ही पुष्कळ ठेवली आहेत. मला कामाची रीत हवी आहे.

अंबाजोगाईकर, सध्या अटलांटा

सर, आपला प्रश्न या परंपरेच्या मुळाशीच जातो, कारण तिची सुरुवात मुले निघून जाण्यातूनच झाली. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात १९०५ च्या सुमारास मोजकेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते, आणि आदल्या वर्षीच्या मुलांपैकी काही जण सुट्टीनंतर परतलेच नाहीत. जे उरले त्यांनी आधी एकत्र अभ्यास आणि परस्पर आधार यांसाठी गट केला, आणि त्यातूनच ४ डिसेंबर १९०६ रोजी सात विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हा बंधुसंघ, म्हणजे एकमेकांना भाऊ मानणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना, स्थापन केला. १९११ मध्ये इंडियाना विद्यापीठात आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात असेच आणखी दोन संघ निघाले. या संघांचे सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही. वकील, डॉक्टर किंवा शिक्षक झालेला माजी विद्यार्थी आयुष्यभर सभासद राहतो, आणि नव्या मुलाला त्यामुळे मोठ्या माणसांची ओळख एकदमच मिळते. मला वाटते, आपल्याकडील योजनेत नेमकी हीच साखळी नाही.

दुसरे उदाहरण मी राहतो त्या शहरातले आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेले मोरहाऊस हे कृष्णवर्णीय तरुणांचे महाविद्यालय असून १९४० ते १९६७ या काळात बेंजामिन मेझ त्याचे अध्यक्ष होते. मेझ यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले आणि दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे होते. त्यांच्या लहानपणी शाळा वर्षातून चारेक महिनेच चाले, बाकीचा काळ शेतात जाई, आणि पुढे शिकण्यासाठी त्यांना वडिलांशीच झगडावे लागले. आपल्या वसतिगृहातील मुलांना ही हकिकत परकी वाटणार नाही. १९४४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग पंधराव्या वर्षी मोरहाऊसमध्ये दाखल झाले. मेझ महाविद्यालयाच्या प्रार्थनागृहात विद्यार्थ्यांसमोर नियमित बोलत आणि किंग भाषण संपल्यावर मागे थांबून त्यांच्याशी वाद घालत. मेझ यांनी त्या मुलाला वेळ दिला, त्याचे आक्षेप ऐकून घेतले, आणि ते नाते पदवीनंतरही टिकले. १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी मोरहाऊसच्या आवारात श्रद्धांजलीचे भाषण याच गुरूला करावे लागले. भाषणानंतर मागे थांबता येईल अशी जागा आपल्या किती महाविद्यालयांत आहे, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

गणिताचा शिक्षक, नांदेड

अंबाजोगाईकरांनी इतिहास सांगितला; मी अभ्यासाच्या बाजूने लिहितो, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे यूरी ट्राइझमन या गणितज्ञाला असे दिसले की शाळेत हुशार असलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मोठ्या संख्येने नापास होत आहेत. मुलांना जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरी पाठिंबा नाही, ही कारणे प्राध्यापकांनी तत्काळ सांगितली. आपल्या स्टाफरूममध्येही हीच ऐकू येतात. ट्राइझमन यांनी मुलांच्या खोल्यांवर जाऊन ती अभ्यास कसा करतात हे पाहिले, तेव्हा ती सर्व कारणे खोटी ठरली. ही मुले मन लावून अभ्यास करत होती, परंतु एकटी. शाळेत इतरांपासून अलिप्त राहूनच ती पुढे आली होती, आणि तीच सवय विद्यापीठात त्यांच्या मुळावर आली. याउलट चिनी वंशाचे विद्यार्थी आधी आपापले गणित सोडवून संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांच्या वह्या तपासत आणि कोणाचे काय चुकले ते तोंडावर सांगत.

ट्राइझमन यांचा उपाय विशेष लक्ष देण्याजोगा आहे. त्यांनी ‘कच्च्या मुलांसाठी जादा तास’ ठेवले नाहीत, तर नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे देऊन मुलांना गटाने सोडवायला बसवले, आणि त्या गटांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल स्पष्टपणे सुधारले. जादा तासाला जाणे म्हणजे आपण मागे आहोत हे चारचौघांत कबूल करणे, आणि सतरा-अठरा वर्षांच्या स्वाभिमानी मुलाला ते नको असते; अवघड कामासाठी बोलावणे मात्र त्याला मानाचे वाटते.

हाच विचार १९८८ मध्ये मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर काउंटीच्या विद्यापीठात फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी सुरू केलेल्या मेयरहॉफ शिष्यवृत्ती योजनेत दिसतो. पहिली १९ मुलांची तुकडी पूर्णपणे कृष्णवर्णीय तरुणांची होती. पुढच्या वर्षी मुलींना आणि नंतर इतर समाजांतील विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळाला. पहिले सत्र सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात ही मुले एकत्र राहतात, गटाने अभ्यास करायला तिथेच शिकतात, आणि एकाचे घसरलेले गुण ही संपूर्ण तुकडीची काळजी मानली जाते. वसतिगृहात हे करणे तुलनेने सोपे आहे, कारण मुले एका छताखाली असतातच. जेवणानंतर मेसच्या हॉलमध्ये एक फळा, अवघड उदाहरणांचा एक कागद आणि दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

नागसेनवनातील माजी विद्यार्थी

आपण दूरचे दाखले घेत आहात, त्याला माझा विरोध नाही. या दोन समाजांचे नाते जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरूनच घेतले, आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यास मराठी वाचकांपुढे मांडला. तथापि बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत, आजच्या नागसेनवनात, महाविद्यालय सुरू केले तेव्हापासून मोठ्याने लहानाला सांभाळण्याची रीत आपल्याकडेही आहे. आमच्या वेळी नव्या मुलाला खोली मिळेपर्यंत एखादा सिनियर आपल्या खोलीत ठेवून घेई, शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरून देई आणि आपली पुस्तके त्याच्या हाती सोपवूनच गावी जाई. आज अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरला जातो आणि स्वाधार या सरकारी योजनेची रक्कम खात्यात येते, पण जातपडताळणीचा कागद अडकला की मुलगा आजही तितकाच एकटा पडतो.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगतो. आपल्या वसतिगृहांत बंधुता बहुधा जातीच्या सीमेपाशी थांबते. एकाच अपमानातून गेलेल्या मुलांना आपसात आधार लागतो आणि तो त्यांचा हक्क आहे. तो मोडू नये. परंतु अभ्यासाचे गट करताना अधीक्षकांनी खोल्यांची आणि गटांची सरमिसळ जाणीवपूर्वक करावी. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे सहनिवासी नवल भथेना हे पारशी होते, आणि ती मैत्री अडचणीच्या काळात पैशांच्या मदतीसह आयुष्यभर टिकली.

विधी शाखेची विद्यार्थिनी, लातूर

या चर्चेत धोक्याची बाजू राहून जाऊ नये, म्हणून लिहिते. त्याच कृष्णवर्णीय बंधुसंघांत प्रवेशापूर्वी नव्या मुलांना मारहाण आणि अपमान सोसायला लावण्याची प्रथा रुजली होती. १९९० मध्ये प्रमुख संघांनी ती उमेदवारीची पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी छुपे प्रकार थांबले नाहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये फ्लोरिडातील एका कृष्णवर्णीय विद्यापीठाच्या वाद्यवृंदातील तरुणाचा अशाच मारहाणीत, बसमध्ये, मृत्यू झाला. मारणारे त्याचेच सहकारी होते. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, परंतु ‘आम्ही त्याला आपला मानतो’ या बोलण्याआड जे चालते त्याची तक्रार सहसा होत नाही. म्हणून सिनियरकडे जबाबदारी द्यावी, अधिकार देऊ नये: त्याने धाकट्याचे काम करावे, धाकट्याकडून करून घेऊ नये, आणि जोडी बदलून मागण्याची मुभा धाकट्याला कारण न विचारता असावी.

वसतिगृह अधीक्षक, परभणी

सर्वांचे मनापासून आभार. जूनमध्ये प्रवेश सुरू होण्यापूर्वी मी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची अशी मुले निवडणार आहे, ज्यांचे स्वतःचे विषय राहिले होते आणि ज्यांनी ते काढले. नेहमी पहिल्या वर्गात येणाऱ्याला नापास झालेल्याची रात्र कळत नाही असे मला वाटते. फळ्याची आणि अवघड उदाहरणांची सूचना लगेच अमलात आणतो, गटांची सरमिसळही करतो, आणि जोडी बदलण्याची मुभा लेखी देतो. नांदेडच्या सरांना एवढेच विचारतो की कला शाखेच्या मुलांसाठी अशा ‘अवघड उदाहरणांचा’ कागद कसा तयार करावा?

गणिताचा शिक्षक, नांदेड

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील एकच मोठा प्रश्न घ्यावा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर लिहावे आणि मग वह्या अदलाबदल करून परीक्षकाप्रमाणे गुण द्यावेत. कोणी किती दिले आणि का दिले यावरून वाद होतोच, आणि गटाचे काम त्या वादातच होते. इतिहास आणि अर्थशास्त्र यांपासून सुरुवात करावी. माझ्या सहकाऱ्यांकडून काही प्रश्न निवडून या आठवड्यात आपल्याला पाठवतो.